वूफरचं खोकं: जबलपूरच्या नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

आधी गाडीची डिकी रिकामी करा. तिच्यातून मोडकी छत्री, ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी आणायचे कॅन आणि कुणाच्या तरी लग्नातला न उघडलेला डिनरसेट निघेल. हे सगळं घरात कुठे ठेवायचं, हा या मार्गदर्शिकेचा विषय नाही. वडिलांना विचारायचं की नाही, हाही नाही. विचारणार असाल तर ‘सबवूफर’ हा शब्द उच्चारू नका. ‘गाणी जरा साफ ऐकू येतील’ एवढंच म्हणा. खोकं नीट बांधलं तर ते खोटंही ठरत नाही.

गाडी कोणती? जबलपूरचे असाल तर मनात जोंगा आली असेलच. इथल्याच वाहन निर्माणीत निसानच्या परवान्यावर तयार झालेली, नावातच जबलपूर घेऊन फिरणारी गाडी. तिचा मान मोठा, पण तिच्यात वूफर बसवू नका. ३५ हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ ९.८ मीटर लांब असते, म्हणजे गाडीत मावतच नाही. काचा वर केलेल्या बंद गाडीत वूफर लाटा सोडत बसत नाही, तो आतल्या सगळ्या हवेचा दाबच एकदम वरखाली करतो. सूर जितका खालचा, तितकी ही फुकटची मदत जास्त. कापडी टपाच्या जोंगात ती मिळत नाही, आणि तिचं इंजिन स्वतःच खर्जात गातं. तेव्हा साधी हॅचबॅक घ्या.

आता मिस्त्री. तो एकच प्रश्न विचारेल, “भैया, डब्बा कितना बड़ा बना दूँ?” या प्रश्नाला गावात रूढ असलेलं उत्तर म्हणजे, “जितना आ जाए.” इथेच शंभरातली नव्वद खोकी बिघडतात असं मी म्हणणार होतो, पण मोजलेली नाहीत. बिघडतात एवढं नक्की.

कारण खोकं ही वूफर ठेवायची जागा नव्हे. आतली हवा स्प्रिंगचं काम करते, आणि लिटर बदलले की स्प्रिंगचा ताण बदलतो. हे नुसत्या कानावर सोडू नये म्हणून ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रीतसर गणित मांडलं. त्यातले आकडे वूफरसोबतच्या कागदावर छापलेले असतात. तो कागद दुकानदार समोशाखाली घालायच्या आत मागून घ्या. डब्यावर मोठ्या अक्षरात असलेल्या ‘१२०० वॅट’कडे पाहू नका, तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. बारीक अक्षरातला आरएमएस, म्हणजे सतत पेलणारा आकडा, वाचा.

समजा त्या कागदावर व्हॅस (वूफरच्या पडद्याइतकीच लवचिक हवा) ४० लिटर आणि क्यूटीएस (पडद्याची हलत राहायची खोड) ०.५ आहे. बंद खोक्यात हीच खोड, म्हणजे एकूण क्यू, ०.७०७ वर आणायची असेल, तर ०.७०७ ला ०.५ ने भागा, वर्ग करा, एक वजा करा: उत्तर एक. ४० ला एकाने भागलं की ४०. एवढ्या लिटरचं खोकं. गणित इतकं सोपं येईल असा वूफर दुकानात मिळेलच असं नाही, पण मार्गदर्शिकेत मिळतो.

मिस्त्रीला मात्र आतलं माप द्या. बाहेरून ४० सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा म्हणजे ६४ लिटर. १८ मिलिमीटरचं एमडीएफ लावलं की आत उरतात ४८. त्यातून वूफरचं मागचं चुंबक आणि आतल्या आडव्या पट्ट्या आणखी काही लिटर खातात. सांधे फेव्हिकॉलने भरा, वरून सिलिकॉन. कुठेही फट राहिली तर खोकं शिट्टी वाजवतं, आणि शिट्टीला वॅट लागत नाहीत.

ज्यांना देवीच्या मिरवणुकीतला दणका घरच्या गाडीत हवा आहे, ते पाइपवालं खोकं मागतील. ५० लिटर हवा, १० सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, ३५ हर्ट्झचा सूर: पाइपची लांबी साधारण ३१ सेंटिमीटर. मिस्त्री म्हणेल, “इतना लंबा क्यों, आधा काट देते हैं.” कापू दिलात तर सूर ४५ हर्ट्झवर चढेल आणि सगळी गाणी एकाच ठोक्यावर गुरगुरतील. हवामानही हात धुऊन घेतं: मे महिन्याच्या ४३ अंशांत आवाज वेगाने धावतो, जानेवारीच्या पहाटे रेंगाळतो, त्यामुळे त्याच खोक्याचा सूर ऋतुमानाने दोनेक हर्ट्झ सरकतो.

सूर जुळला का, ते पाहायला कान लागत नाहीत. मोबाइलवर टोन जनरेटरचं अॅप घ्या, आवाज बेताचा ठेवा आणि ६० हर्ट्झपासून हळूहळू खाली या. पाइप जोरात फुंकतोय पण वूफरचा पडदा जवळजवळ स्थिर आहे, असं जिथे दिसेल तो खोक्याचा सूर. त्याखाली पडद्याला आवरायला हवा उरत नाही, तो बेभान हलतो आणि एक दिवस फाटतो. म्हणून अॅम्प्लिफायरवरचा सबसॉनिक फिल्टर त्या सुराच्या जरा खाली लावा, लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास आणि बेस बूस्ट शून्यावर. बॅटरीपासून निघालेल्या तारेला वीतभर अंतरातच फ्यूज घाला. या वाक्यात विनोद नाही.

मदन महालची बॅलन्सिंग रॉक मे १९९७ च्या भूकंपात जागची हलली नाही. तुमची नंबर प्लेट हलेल. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवा.

आवाजाच्या नियमांची चौकशी केलीत तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असं उत्तर मिळेल. हे मोजमाप ‘ए’ मापपट्टीवरचं आहे आणि ती ३१.५ हर्ट्झला तब्बल ३९ डेसिबल कमी दाखवते. मीटर त्यामुळे तुमच्या बाजूने साक्ष देईल. राइट टाउनमधले शेजारी देणार नाहीत. रात्री दहानंतर बंद ठेवा.

राहिला निर्णय. बंद खोक्याचा आवाज खालच्या सुरांना ज्या उताराने घसरतो, साधारण त्याच चढाने बंद गाडी तो वर उचलून देते. तेव्हा पहिलं खोकं बंदच बांधा, आणि पाइपचे पैसे तारेत घाला.