गवत सगळ्यांचं, तण कुणाचं?

इंग्लंडात घोडा बाळगणारी माणसं पुष्कळ आणि घोडा ठेवण्याइतकी जमीन असलेली थोडी. या तफावतीवर इथे एक अख्खा धंदा उभा आहे, त्याला लिव्हरी यार्ड म्हणतात. एखाद्या शेतकऱ्याकडे कुरण असतं, जुना रिकामा गोठा असतो. तो गोठ्याचे तबेले करतो, कुरणाचे विजेच्या फितीने तुकडे पाडतो, त्या तुकड्यांना पॅडॉक म्हणतो आणि महिन्याच्या भाड्याने दुसऱ्यांचे घोडे ठेवून घेतो. आपल्याकडची पागा सरदाराची असायची. ही भाडेकरूंची पागा.

यात प्रतवारी आहे. फुल लिव्हरी घेतलीत तर वैरण-पाणी, खरारा, लीद सगळं यार्डवाले बघतात. तुम्ही शनिवारी इस्त्रीची विजार घालून यायचं आणि घोड्यावर बसायचं. पार्ट लिव्हरीत कामं वाटून घेतात. आणि डीआयवाय लिव्हरी म्हणजे मालक जागा देणार, बाकी सगळं तुम्ही. आमच्या लेकीचा पोनी रेडिंगच्या बाहेर अशाच एका डीआयवाय यार्डात असतो. त्याचं नाव बिस्किट. वरच्या ‘तुम्ही’मध्ये आम्ही तिघं येतो. लेक घोड्यावर बसते, बायको भाडं भरते आणि उरलेलं मी करतो.

उरलेल्यात मुख्य भाग लिदीचा. चांगला वाढलेला घोडा दिवसाला वीस-पंचवीस किलो लीद टाकतो. बिस्किट आकाराने लहान आहे, पण त्याची उमेद मोठी आहे. लीद रोज उचलायची, एकचाकी गाडीत भरायची आणि उकिरड्यावर नेऊन टाकायची. न उचलावी तर लिदीतून जंतांची पिल्लं गवतावर चढतात आणि गवताबरोबर परत घोड्याच्या पोटात जातात. शिवाय घोडा स्वतःच्या लिदीजवळचं गवत खात नाही. म्हणजे एकीकडे मुळापर्यंत खुडलेली जमीन आणि दुसरीकडे गुडघाभर माजलेलं रान, असं पॅडॉकचं दोन पक्षांत विभाजन होतं. ब्रिटिश हॉर्स सोसायटी एका घोड्यामागे साधारण एक ते दीड एकर कुरण धरायला सांगते. आमच्या मालकीणबाई या बाबतीत काटकसरी आहेत.

तरी लिदीबद्दल कुणाचं भांडण नाही. ज्याचा घोडा त्याची लीद, इतका स्वच्छ न्याय जगात दुसरा नसेल. भांडण सुरू होतं ते जुलैमध्ये, पॅडॉकमध्ये पिवळी फुलं आली की.

या झाडाचं नाव रॅगवर्ट. दिसायला इतकं गोजिरं की आमच्याकडे आलेल्या एका पाहुणीने त्याचा गुच्छ करून टेबलावर ठेवला होता. आइल ऑफ मॅन या बेटाचं हे राष्ट्रीय फूल आहे. जॉन क्लेअर या कवीने त्याच्यावर कविता केली आहे. स्कॉटलंडात मात्र त्याला वास मारणाऱ्या विलीच्या नावाने ओळखतात, आणि पान चुरगळून बघितलं की स्कॉटिश माणसांच्या नाकाबद्दल आदर वाटतो. घोड्याच्या दृष्टीने ते विष आहे. त्यातली अल्कलॉइडं यकृत हळूहळू निकामी करतात, झालेली हानी भरून येत नाही, आणि लक्षणं दिसतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. इथे मी थट्टा करत नाही. ओलं असताना ते कडू लागतं म्हणून घोडा शक्यतो तोंड लावत नाही. वाळलं की कडूपणा उतरतो, विष तसंच राहतं, आणि वैरणीच्या गठ्ठ्यातून आलं तर घोडा गुमान खातो. बटरकपचं नेमकं उलटं: ओलं असताना घोड्याचं तोंड भाजतं, वाळल्यावर निरुपद्रवी. निसर्गाने सगळ्या तणांना एकच नियम लावला असता तर माझ्यासारख्याचं पाठांतर सोपं झालं असतं.

तर हे तण काढायचं कुणी?

मालकीणबाईंचं म्हणणं, करारात पॅडॉक नीटनेटका ठेवण्याची जबाबदारी भाडेकरूवर टाकलेली आहे. भाडेकरूंचं म्हणणं, नीटनेटका म्हणजे लीद. तण जमिनीतून येतं आणि जमीन बाईंची. कायदा काय म्हणतो ते बघायची कामगिरी माझ्याकडे आली, कारण पुण्यात मी एकदा सोसायटीचा सेक्रेटरी होतो हे बायकोने कुठेतरी बोलून ठेवलं होतं. कायदा 1959 चा आहे. त्यात पाच तणांची नावं आहेत: दोन जातींचे काटेरी थिसल, दोन जातींचे डॉक आणि रॅगवर्ट. यातलं तण पसरतंय असं दिसलं तर सरकार नोटीस काढू शकतं, आणि ती जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर. 2003 मध्ये खास रॅगवर्टसाठी आणखी एक कायदा झाला आणि पुढच्या वर्षी त्याची आचारसंहिता आली. तिच्यात चराऊ जमिनीपासून पन्नास मीटरच्या आत रॅगवर्ट असेल तर धोका मोठा, पन्नास ते शंभर मीटरमध्ये मध्यम आणि त्यापलीकडे कमी, असा हिशेब आहे. आमचं रॅगवर्ट बिस्किटच्या नाकापासून पन्नास सेंटिमीटरवर होतं, तेव्हा टेप आणायची गरज पडली नाही.

पण ताबा कुणाचा? बाई म्हणाल्या, तुम्ही भाडं भरता, ताबा तुमचा. आम्ही म्हणालो, तुम्ही उद्या आमचा घोडा दुसऱ्या पॅडॉकात हलवू शकता, ताबा तुमचा. खरं बघता प्रत्यक्ष ताबा बिस्किटचा होता, आणि तण वाढण्यात सगळ्यात मोठा वाटाही त्याचाच. चांगलं गवत मुळापर्यंत खुडायचं, जमीन उघडी पाडायची, पावसात ती खुरांनी तुडवायची, आणि अशा तयार केलेल्या वाफ्यात रॅगवर्टचं बी पडलं की त्याला सोडून बाकी सगळं खायचं. यापेक्षा चांगली मशागत कृषी विद्यापीठातही शिकवत नसतील.

त्याच उन्हाळ्यात आई वाईहून आली होती. इंग्लंडातल्या कशानेही ती फारशी भारावत नाही. तिला यार्डावर नेलं तर घोड्याकडे एक नजर टाकून ती थेट कुंपणाशी गेली. विजेच्या फितीखाली हातभर रुंदीचा एक पट्टा असतो. घोडा झटक्याच्या भीतीने तिकडे जात नाही, ट्रॅक्टर पोचत नाही, आणि दोन्ही बाजूंचे भाडेकरू तो पट्टा समोरच्याचा समजतात. आमच्या यार्डातले सगळ्यांत धष्टपुष्ट डॉक, कमरेएवढी नेटल आणि तुऱ्याला आलेलं जुनं गवत तिथे सुखाने नांदत होतं, आणि मधून मधून रॅगवर्टचे पिवळे झुबके.

“हा बांध की रे तुमचा,” आई म्हणाली. “बांधावरचं तण कुणाचं, याचा निकाल आमच्याकडे वाईच्या कोर्टात लागतो. आणि हे पिवळं काय, काँग्रेस गवताचं भावंड?”

आईचं वनस्पतिशास्त्र अगदी बरोबर होतं. काँग्रेस गवत, म्हणजे गाजरगवत, आणि रॅगवर्ट ही दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. गाजरगवताची आपल्याकडे पहिली ठळक नोंद 1950च्या दशकात पुण्यात झाली, तेव्हा या कुळाशी आमची ओळख जुनीच म्हणायची. रॅगवर्टचा आणखी एक चुलतभाऊ आहे, ऑक्सफर्ड रॅगवर्ट. तो मूळचा सिसिलीचा, एटना ज्वालामुखीच्या राखेत वाढलेला. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात त्याला अभ्यासाला आणलं, तिथून तो भिंती चढून बाहेर पडला, आणि एकोणिसाव्या शतकात ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या रुळांखालची खडी त्याला घरच्यासारखी वाटली. गाड्यांच्या वाऱ्यावर त्याचं बी देशभर गेलं. बिनतिकीट.

आई ते तण उपटायला सरसावली. हातमोजे तिने मागितले नाहीत, ते मी जबरदस्तीने दिले, कारण हे झाड उघड्या हाताने धरू नये असं सगळेच सांगतात. खुरपं नव्हतं, म्हणून इथला चिमट्यासारख्या दातांचा लांब काटा दिला. तो तिने बाजूला ठेवला आणि जमीन पायाच्या अंगठ्याने दाबून बघितली. “आज नको. वाफसा नाही. मूळ तुटून आत राहील आणि एकाची चार होतील.” दोन दिवसांनी पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून गाडीत जाऊन बसली. ओल्या जमिनीतून रॅगवर्ट अख्ख्या मुळासकट येतं तेव्हा एक बारीक ‘सुळ्ळ’ आवाज होतो. आईला तो फार आवडला. फितीच्या आमच्या बाजूचं सगळं तिने उपटलं. पलीकडच्या बाजूचं एकही नाही. “ते त्यांचं,” ती म्हणाली.

पलीकडे एका फुलपाखरूप्रेमी बाईंचा घोडा होता, आम्ही त्यांना फुलपाखरूवाल्या बाई म्हणतो. त्या आल्या आणि पोत्यात भरलेलं रॅगवर्ट बघून हळहळल्या. त्याच्या पानांवर सिनाबार पतंगाच्या अळ्या होत्या, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, दादरच्या टॅक्सीसारख्या. या अळ्या रॅगवर्ट खातात, त्याचं विष अंगात मुरवतात आणि मग पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. बाई म्हणाल्या, झाड काढलं तर अळ्या खाणार काय? आईने मला विचारलं, त्या काय म्हणतात. मी सांगितलं. “मग अळ्या घरी ने म्हणावं,” आई म्हणाली. हे मी इंग्रजीत सौम्य करून सांगितलं.

तेवढ्यात मालकीणबाईंनी आपल्या परीने प्रश्न सोडवला. एका शनिवारी ट्रॅक्टर आला आणि रिकाम्या पॅडॉकांवरून पातं फिरवून गेला. लांबून सगळं हिरवंगार आणि एकसारखं दिसायला लागलं. जवळ गेल्यावर दिसलं की रॅगवर्टची कापलेली डोकी गवतात पडून वाळतायत, म्हणजे कडूपणा उतरून विष तयार. शिवाय कापलेलं झाड मरत नाही. ते चिडतं आणि पुढच्या वर्षी जास्त फांद्या काढून येतं. ती डोकी वेचायला आम्ही सगळे भाडेकरू वाकलो होतो, आणि बाई लांबून ‘थँक्यू’ म्हणत होत्या.

मग बैठक झाली, तबेल्याच्या मागे, वैरणीच्या गठ्ठ्यांवर बसून. लष्करी मिशांचे एक गृहस्थ तणनाशक मारा, ग्लायफोसेट, ग्लायफोसेट एवढंच म्हणत होते. एक तरुणी म्हणाली की ती भाडं घोड्यासाठी भरते, बागकामासाठी नाही. फुलपाखरूवाल्या बाईंनी अळ्यांची बाजू मांडली. मी माझा मुद्दा मांडला आणि तो आजही मला बिनतोड वाटतो. रॅगवर्ट हे दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी जमिनीला चिकटलेला पानांचा नुसता चक्राकार झुबका, दुसऱ्या वर्षी दांडा, फूल आणि हजारो बिया. बी जमिनीत कित्येक वर्षं टिकतं. आमचा करार मात्र महिन्याच्या नोटिशीवर चालतो. पहिल्या वर्षी झुबका बघणारा भाडेकरू फुलाच्या वर्षी यार्डात असेलच असं नाही, आणि आज फूल बघणाऱ्याने बी टाकलेलं नाही. रॅगवर्टच्या कॅलेंडरला पुरून उरणारा इथे एकच माणूस, जिची जमीन आहे ती. फवारणीचंही तसंच. त्याला प्रमाणपत्र लागतं, आणि फवारल्यावर तण पार कुजून नाहीसं होईपर्यंत घोडे आत सोडता येत नाहीत, कारण मरणारं रॅगवर्ट घोड्याला जास्त गोड लागतं. दुसऱ्यांचे घोडे हलवायचा अधिकार भाडेकरूला कुठे आहे? तेव्हा रोजची लीद आमची. वर्षाचं कुळवणं, रोलर, खत, फवारा, कुंपणाखालचा पट्टा, सगळं बाईंचं. आणि ते भाड्यात धरावं, करारात लिहावं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी तर वहीत लिहूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: पिवळं फूल ज्याला दिसेल त्याने ते उपटावं.

या पाटीनंतर यार्डातल्या लोकांची नजर झपाट्याने अधू झाली. मिशीवाले गृहस्थ पॅडॉकमध्ये शिरताना आकाश बघू लागले. तरुणी कायम मोबाइलमध्ये. फुलपाखरूवाल्या बाईंना तर फूल दिसत होतं, पण उपटायचं नव्हतं, म्हणून त्या वेगळ्या फाटकाने येऊ लागल्या. उघड्या डोळ्यांची एकटी आई होती, आणि तिचा व्हिसा सप्टेंबरात संपला.

हिवाळ्यात मालकीणबाईंनी शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या आणून सोडल्या. बाईंच्या हातून घडलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम. मेंढ्या घोड्याने टाकलेलं माजलेलं गवत खातात, आणि घोड्याचे बहुतेक जंत मेंढीच्या पोटात गेले की तिथेच संपतात. आठवडाभर शांतता होती. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर तरुणीचा प्रश्न आला: लीद ज्याच्या घोड्याची त्याने उचलायची, तर मेंढ्यांच्या लेंड्या कुणी उचलायच्या? मिशीवाल्यांनी लिहिलं, अर्थात मालकिणीने. मालकीणबाईंनी लिहिलं, पॅडॉक नीटनेटका ठेवण्याबद्दल करारात स्पष्ट म्हटलेलं आहे.

हे सगळं मी रविवारी आईला फोनवर सांगितलं. ती खूप वेळ हसली. “लेंड्या उचलतायत? अरे, आपल्याकडे धनगराला धान्य देऊन, पैसे देऊन रानात मेंढ्या बसवून घेतात, त्या खतासाठी. सांग त्यांना.”

सांगितलेलं नाही. मालकीणबाईंना हे कळलं तर पुढच्या महिन्याच्या बिलात ‘मेंढी बसवणावळ’ अशी एक ओळ वाढेल.