नथ, अपर्चर आणि दोन लाख रुपये

छायाचित्रणाच्या क्षेत्रात ज्या लेन्सला ‘फास्ट प्राइम’ म्हणतात, तिचा वेग तिच्या हालचालीत नसून तिच्या पोटातल्या छिद्रात असतो. जिचे नाभीय अंतर, म्हणजे दृश्य किती जवळ ओढले जाईल हे ठरवणारे माप, कायमचे ठरलेले असते आणि जिच्या मालकाला झूम करण्याऐवजी स्वतःच दोन पावले पुढे-मागे व्हावे लागते, ती प्राइम. आणि त्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागल्यावर येणारा आकडा, ज्याला एफ-क्रमांक किंवा नुसतेच अपर्चर म्हणतात, जितका लहान तितकी ती फास्ट. ५० मिलिमीटरच्या लेन्सचा हा आकडा १.८ असेल तर छिद्र जास्तीत जास्त २८ मिलिमीटरांपर्यंत उघडते, आणि १.२ असेल तर सुमारे ४२ मिलिमीटरांपर्यंत. पहिल्या प्रकारची साधी लेन्स दहा-पंधरा हजार रुपयांत मिळते आणि खिशात मावते; दुसरी दोन लाखांच्या आसपास जाते आणि तिचे वजन किलोच्या घरात भरते. मधल्या चौदा मिलिमीटरांत नेमके काय असते, असे एखाद्या अडाण्याने विचारल्यास ‘काहीही नसते’ हेच शास्त्रशुद्ध उत्तर द्यावे लागते, कारण छिद्र ही वस्तू रिकाम्या जागेचीच बनलेली असते. त्या रिकाम्या जागेभोवती अधिक मोठी आणि अधिक काटेकोर घासलेली काच बसवावी लागते, हे निर्मात्यांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. ग्राहकाच्या बाजूने मान्य करण्यासारखे त्या मानाने थोडेच सापडते.

ही लेन्स घ्यावी की घेऊ नये, यावर अखंड चिंतन करणारा एक स्वतंत्र वर्ग महाराष्ट्रातील शहरांत आता स्थिरावला आहे. या वर्गातील चिंतकाजवळ कॅमेरा असतो, तिवई असते, पावसाळ्यात काचेला बुरशी लागू नये म्हणून हवेतील ओल शोषणारी विजेवरची पेटीही असते, आणि एवढे सगळे असूनही आपली छायाचित्रे शेजाऱ्याच्या मोबाइलवरच्या छायाचित्रांसारखीच का दिसतात, या प्रश्नाचे उत्तर एफ-क्रमांकात दडलेले आहे अशी त्याची श्रद्धा असते. मुंबईत राहत असल्यास तो सुट्टी साधून फोर्टातल्या बोरा बाजारात जातो, लेन्स हाताळतो, समोरच्या फळीवरील खोक्यांची छायाचित्रे काढतो, घरी येऊन ती संगणकावर चौपट मोठी करून पाहतो आणि ‘वाइड ओपनला कोपरे जरा सॉफ्ट आहेत’ हा निष्कर्ष पोळ्या लाटणाऱ्या पत्नीला ऐकवतो. (वाइड ओपन म्हणजे छिद्र पूर्ण उघडे असताना, आणि कोपरा हा चित्राचा असा भाग होय, ज्याकडे या वर्गाबाहेरच्या माणसाचे लक्ष जाण्याचे काहीही कारण नसते.) पत्नीला पटवण्यासाठी त्याच्याकडे दोन युक्तिवाद असतात. पहिला कमी उजेडाचा, दुसरा ‘बॅकग्राउंड उडवण्या’चा.

पहिला युक्तिवाद एके काळी खरा होता. १८४० साली व्हिएन्नात व्यक्तिचित्रांसाठी ३.६ एफ-क्रमांकाची लेन्स तयार झाली, ती त्याआधीच्या सुमारे १५ क्रमांकाच्या लेन्सपेक्षा पंधरा पटींहून अधिक उजेड घेई, आणि तिच्यामुळे गिऱ्हाइकाला निश्चल बसवून ठेवण्याचा काळ मिनिटांवरून सेकंदांवर येऊ शकला. पुढे फिल्मच्या जमान्यातही १०० किंवा ४०० संवेदनक्षमतेचा रोल एकदा भरला की छत्तीस छायाचित्रे संपेपर्यंत त्याच्याशीच संसार करावा लागे, त्यामुळे रात्रीच्या नाट्यप्रयोगाचे किंवा मैफिलीचे चित्रण करणाऱ्याला मोठ्या छिद्रावाचून गत्यंतर नव्हते. आज स्थिती अशी आहे की १.८ वरून १.२ वर गेल्यास उजेड सव्वादोन पट मिळतो, म्हणजे जिथे कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, अर्थात आयएसओ, ३२०० ठेवावी लागली असती तिथे सुमारे १४०० वर काम भागते. आणि ३२०० या आकड्याने घाबरून जाणारा फुल फ्रेम कॅमेरा, म्हणजे जुन्या फिल्मएवढा संवेदक असलेला कॅमेरा, आता नवा घेऊ म्हटले तरी सापडणे कठीण. शिवाय तो अंधार राहिला आहे कुठे? ज्या मंगल कार्यालयांत व्यासपीठामागे एलईडीची भिंत, छताला फिरते दिवे आणि अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना डोळे दिपवणारे झोत असतात, तिथे छायाचित्रकाराला गरज पडलीच तर उजेड अडवणाऱ्या काळ्या काचेची पडेल. अधिक उजेडासाठी लाखो रुपये मोजलेली ही लेन्स भर दुपारी पूर्ण उघडी ठेवता यावी, म्हणून तिचे मालक तशी काळी काच वेगळे पैसे देऊन विकत घेतात, आणि यात काही विसंगत आहे असे त्यांना वाटत नाही.

खरेदी होते ती दुसऱ्या युक्तिवादाच्या जोरावर. छिद्र जितके मोठे तितका चित्रात सुस्पष्ट दिसणारा पट्टा पातळ होतो. या पट्ट्याच्या जाडीला क्षेत्र-खोली म्हणतात, आणि तिच्याबाहेरचे जे जे विरघळते त्याच्या दिसण्याला बोके म्हणतात. लग्नातील व्यक्तिचित्रांसाठी ८५ मिलिमीटरची लेन्स लाडकी असते. ती १.२ वर उघडून फुल फ्रेम कॅमेऱ्याने वधूपासून दीड मीटरवर उभे राहिल्यास ही क्षेत्र-खोली जेमतेम दोन सेंटिमीटर भरते, म्हणजे पुढे एक आणि मागे एक. आधुनिक कॅमेरा चेहऱ्यातील जवळचा डोळा स्वतः हुडकून त्यावर फोकस धरतो. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटरांचे अंतर असते, त्यामुळे वधूने लाजून मान थोडी वळवली की दुसरा डोळा पट्ट्याबाहेर जातो. तिच्या कानावर लोंबणाऱ्या मुंडावळीचे तर नावच घ्यायला नको. पण एक डोळा, कान आणि मुंडावळ गमावूनही जे दुःख कुटुंबे मुकाट गिळतात ते नथीपाशी येऊन अडते, कारण नथ ही डोळ्याच्या पुढे असते.

हा प्रश्न आजवर कोणत्याही विद्याशाखेने गांभीर्याने हाताळलेला नाही. नाकपुडीतून निघून पुढे झुकणारा हा दागिना डोळ्याच्या पातळीपासून सहज दीड-दोन सेंटिमीटर पुढे असतो, म्हणजे एक सेंटिमीटरच्या हद्दीबाहेर, आणि म्हणून आजेसासूंच्या लॉकरमधून तीन पिढ्यांच्या स्वाक्षऱ्यांनी बाहेर आलेली, बसऱ्याच्या मोत्यांची, मधोमध लाल खडा असलेली नथ छापील अल्बममध्ये भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसते. “अहो दादा, नथ कुठे गेली?” असे वराच्या आईने विचारले असता “काकू, ते बोके आहे,” असे उत्तर मिळते, आणि काकूंना बोके हे एखाद्या सराफाचे आडनाव वाटून त्या अधिकच धास्तावतात. यावर उपाय सुचवणारे कमी नाहीत. फोकस नथीवर धरावा, असे एक मत आहे; तसे केल्यास मोती झळाळून उठतात आणि नथीला सोबत म्हणून कोणी एक अस्पष्ट मुलगी आली असावी असे चित्र तयार होते. वधूला कडेने उभे करावे, असे दुसरे मत आहे. त्यात नथ सापडते, पण अर्धे कुंकू आणि अख्खा दुसरा डोळा हातचा जातो, आणि वधू सबंध अल्बमभर वराकडे पाठ फिरवण्याच्या बेतात असल्याचा समज होतो. सराफांनी आता चपट्या, नाकाला चिकटून राहणाऱ्या, ‘१.२ साठी योग्य’ अशा हमीच्या नथी घडवाव्यात, घडणावळ काय ती जास्त लावावी, हा तिसरा उपाय व्यापाराच्या दृष्टीने होतकरू आहे. त्याही पुढे जाऊन असे म्हणता येईल की ज्या बैठकीत पत्रिकेतला मंगळ पाहिला जातो त्याच बैठकीत उभयतांची डोळा-नाकपुडी अंतरे मोजून घ्यावीत, ती एक सेंटिमीटरहून अधिक भरल्यास शांत करून घ्यावी, आणि शांतीच्या यादीत नारळ, सुपाऱ्या व तांदळांच्या जोडीला मिलिमीटरच्या खुणांची एक फूटपट्टीही असावी. मानपान, रुखवत, ऐनवेळी फुगलेला मामा आणि वरातीचा बँड हे प्रश्न ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चर्चेने सोडवले, त्याला हाही सुटेल. एक चौथा उपायही आहे, परंतु तो फार साधा असल्याने त्याची चर्चा होत नाही. लेन्सवरचा आकडा १.२ वरून ४ वर आणावा. तसे करताच तो दोन सेंटिमीटरांचा पट्टा सात सेंटिमीटर होतो, आणि डोळे, नाक, नथ सगळे एकाच कुटुंबात परत येतात. ४ हा आकडा स्वस्त १.८ लेन्सवरही असतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

इथवर हसण्यावारी नेता येते. पुढे नेता येत नाही, कारण नथीचा बळी हा अपघाताने जातो, पण माणसांचा बळी ठरवून दिला जातो. ‘बॅकग्राउंड’ हा शब्द ज्या निर्विकारपणे उच्चारला जातो त्यात काय काय उडवले जाते, याची एकदा यादी करायला हवी. कन्यादानाच्या वेळी वधूच्या मागे उभी राहून डोळे पुसणारी आत्या हे बॅकग्राउंड असते. दोन गाड्या बदलून गावाहून आलेला, नव्या टोपीची घडी न मोडलेला चुलत आजोबा हे बॅकग्राउंड असते. ज्या मामाने अंतरपाटापर्यंत मुलीला हाताला धरून आणले तो तिच्या खांद्यामागे एक तपकिरी डाग होऊन उरतो, पंगतीत वाढणाऱ्या बायका रंगीत गोळे होतात, आणि जिने हळदीची गाणी म्हटली त्या म्हातारीचा चेहरा या सबंध समारंभात कुठेही स्पष्ट उमटत नाही. या लोकांना आमंत्रण दिलेले होते. ते आले होते. त्यांचे पुसले जाणे ही सौंदर्यदृष्टी असल्याचे सांगून त्याचे पैसे घेतले जातात, आणि ज्याने ते अधिक सफाईने पुसले त्याला अधिक पैसे मिळतात, हा प्रकार निव्वळ चीड आणणारा आहे. जुन्या घरांच्या भिंतींवर टांगलेल्या समूहछायाचित्रांत कलेच्या नावाने काही नसे; मधोमध खुर्च्यांवर वडीलधारे, मागे उभे पुरुष व सुना, पुढे सतरंजीवर मांडी घालून पोरे, आणि सगळ्यांचे चेहरे ताणलेले. पण त्यातला प्रत्येक चेहरा वाचता येतो, मागे नावे लिहिलेली असतात, आणि कोण कोणाचे हे त्या कागदावरून पुढच्या पिढीला सांगता येते. आजच्या जाडजूड, मखमली पेटीतल्या अल्बमवरून पन्नास वर्षांनी कोणी वंशावळ लावायला बसला, तर त्याला एक डोळा आणि पुष्कळ धुके एवढेच हाती लागेल. हीच गत स्थळांची. जोडपी पहाटे उठून, गाडी ठरवून, नऊवारी सांभाळत लांबच्या किल्ल्यावर जातात, आणि तो किल्ला १.२ वर अशा रीतीने विरघळवतात की तेच काम गच्चीवर हिरवा पडदा लावूनही झाले असते, आणि पेट्रोल वाचले असते.

या लेन्सचा उपयोग कुणालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खरोखरच्या अंधारात, फ्लॅश मारण्याची मुभा नसताना, हलत्या माणसांचे चित्रण करून ज्यांचे पोट चालते, त्यांच्या दृष्टीने सव्वादोन पट उजेड हा व्यवसायाचा भाग आहे; त्यांनी ती घ्यावी, आणि असे लोक हा निर्णय चिंतनाविना, हिशेब करून घेतात. रात्री आकाशगंगेचे चित्रण करणाऱ्यांना वेगवान लेन्स लागते, पण ती रुंद कोनाची, आणि तीही बहुधा पूर्ण उघडी न ठेवता थोडी बंद करूनच वापरतात, कारण पूर्ण उघडल्यावर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. बाकीच्यांच्या बाबतीत निकाल स्पष्ट आहे: १.८ ची लेन्स घ्यावी, उरलेल्या पैशांतून फ्लॅश घ्यावा आणि तो भिंतीवर किंवा छतावर परावर्तित करून वापरायला शिकावे, छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत, आणि तरीही पैसे उरले तर ते उरू द्यावेत.

येत्या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एकच विनंती. इसार देण्यापूर्वी छायाचित्रकाराला लेन्सचा एफ-क्रमांक विचारू नये. सगळ्या नातेवाइकांना ओळीने उभे करून एक छायाचित्र ८ एफ-क्रमांकावर काढणार का, एवढेच विचारावे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरच्या कोणत्याही लेन्सने, अगदी कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या झूम लेन्सनेसुद्धा, पाच मीटरवर फोकस धरून तसे छायाचित्र काढल्यास अडीच मीटरांपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते, आणि त्यात आत्याही येते.