तूरडाळीचं श्रेय

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्हाला एक लघुपट करायचा होता. लघुपटाला चाळीस गुण आणि नंतर ‘प्रेक्षक व संघभावना’ या विषयावरच्या आत्मपरीक्षणाला दहा. म्हणजे पापाला चाळीस, पश्चात्तापाला दहा.

आम्ही आठ जण होतो. त्यातले सात डायरेक्टर. आठवा मी, माझ्याकडे थर्मोकोल होता. नटाच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून उन्हात पांढरा थर्मोकोल धरून उभं राहायचं, एवढंच काम. पण ऊन सरकतं, वारा सुटतो आणि थर्मोकोल मनाने पतंग असतो. पहिल्याच दिवशी तो दोनदा शेजारच्या गच्चीवर गेला. मागोमाग मी.

सातांपैकी कागदोपत्री जो डायरेक्टर होता, तो एफटीआयआयमध्ये शिकलेला नव्हता. पण प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झालेल्या त्या चित्रपट-संस्थेच्या आसपास रोज चहा प्यायचा. त्या चहाच्या जोरावर तो आम्हाला ‘फ्रेममध्ये पोकळी हवी’ वगैरे सांगे.

प्रोजेक्टच्या फॉर्मवर ‘प्रेक्षक कोण?’ असा रकाना होता. आम्ही लिहिलं, ‘वय वर्षे ८ ते ८०’. सर म्हणाले, “सापशिडीच्या खोक्यावर असतं हे. मला एक माणूस सांगा.” एकही सांगता येईना. खरा प्रेक्षक म्हणजे मार्क देणारे सरच होते; पण ते त्यांना तोंडावर कसं सांगणार?

गोष्ट अशी होती: बायको गेलेले एक आजोबा रिकाम्या घरात एकटे चहा पितात. सात मिनिटं. संवाद नाहीत, कारण ते कोणी लिहायचे यावर सात जणांचं एकमत झालं नाही. आजोबा झालेले काका बँकेतून निवृत्त झालेले आणि हौशी रंगभूमीवर गाजलेले. “एक तरी वाक्य द्या रे,” असं ते प्रत्येक टेकआधी म्हणत.

शूटिंग सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात होतं. आम्हाला तिथे शांतता रेकॉर्ड करायची होती. झाडूच्या दांड्याला माइक बांधून साउंडवाला डोळे मिटून उभा राहायचा. शांतता जमत आली की भंगारवाला यायचा. तो गेला की स्कूटर. शेवटी कसाबसा एक टेक रंगात आला. काकांनी कप उचलला आणि शेजारच्या काकूंचा कुकर दणदणीत शिट्टी देऊन मोकळा झाला. काकांनी दचकून स्वयंपाकघराकडे पाहिलं, क्षणभर थांबले आणि मान खाली घातली. टेक वाया गेला म्हणून. तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी संपली. दुसरा टेक नाही.

त्या संध्याकाळी वडापावच्या हिशेबावरून आमची जोरदार भांडणं झाली. सरांनी बोलावून दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ होत असताना त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि शिवाय फिल्मला भोकंही पाडायच्या. “तुमच्यात सरस्वतीबाई कोण?” सरांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्या थर्मोकोलकडे पाहिलं.

खेळाच्या दिवशी वर्गात तेवीस माणसं होती. त्यातली एकोणीस श्रेयनामावलीत होती आणि आपलं नाव येईपर्यंत हलणार नव्हती. राहिले चार : सर, शिपाईमामा, साउंडवाल्याची आई आणि काकांच्या घरच्या काकू. पहिली चार मिनिटं पोकळीत गेली. शिपाईमामांनी जांभई दिली. मग ती शिट्टी झाली.

पडद्यावरच्या आजोबांनी चमकून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कोणी नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

वर्गात कोणी खोकलंसुद्धा नाही. साउंडवाल्याच्या आईने पदर डोळ्यांना लावला. शिपाईमामा शेजाऱ्याला हळूच म्हणाले, “त्याला वाटलं, बायकोच हाय आत.”

त्या मिनिटाला आम्हाला आमच्या लघुपटाची गोष्ट पहिल्यांदा कळली.

दिवे लागताच डायरेक्टर म्हणाला, शॉट ठरवूनच घेतला होता. साउंडवाला म्हणाला, शिट्टी मीच जपली. लेखक म्हणाला, ती ‘दोन ओळींच्या मध्ये’ लिहिलेलीच होती. इतकी संघभावना मी त्याआधी पाहिली नव्हती. एका कुकरवर सात जण हक्क सांगत होते.

मी पेढे घेऊन वाड्यातल्या काकूंकडे गेलो. शिट्टीचं कौतुक ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. “अगो बाई! राहिली का ती? अरे, तुमचा तो झाडू वर गेलेला दिसला की मी गॅस बंद करायचे. त्या दिवशी तेवढी विसरले बघ. दोन दिवस यांनी कच्चं वरण खाल्लं, पण हूं की चूं केलं नाही.”

श्रेयनामावली दीड मिनिटाची होती. तिच्यात वडापाववाला होता, माझा थर्मोकोल होता, बॅटरी उसनी देणाऱ्याचा चुलतभाऊसुद्धा होता. काकू नव्हत्या. कच्चं वरण खाणारे यजमानही नव्हते.

आत्मपरीक्षणात मी ‘संघभावना उत्तम होती’ असं लिहिलं. दहापैकी नऊ मिळाले. एक कुठे गेला, ते सरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.