गुलाबी फूल ओळखण्याची सोपी (म्हणे) पद्धत

प्रथम गुडघे तपासून घ्या. रोप जेमतेम वीतभर, आणि वसंतात क्रीट, माल्टा किंवा अंदालुसियाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत, नाहीतर शेताच्या कडेला, त्याच्या फुलांचा गुलाबी सडा पडलेला असतो. उभ्यानं बघतो तो पर्यटक. तुम्ही उकिडवे बसा.

पाकळ्या मोजा. दहा भरल्या? सगळ्या नवशिक्यांच्या दहाच भरतात. असतात पाच, प्रत्येकीला मधोमध खोल चीर असते. फुलाच्या घशाशी बारीक खवल्यांचं कडं आणि आत तीन तंतू दिसले, की घराणं ठरलं: सिलीनी, म्हणजे कार्नेशनच्या भाऊबंदांतली. अभिनंदन! आता फक्त ७००च्या आसपास जातींतून निवड करायची.

इंग्रज या घराण्याला ‘कॅचफ्लाय’ म्हणतात, पण माशीची वाट बघत बसू नका. काही जातींच्या अंगाला चिकट केस असतात, चिलटं त्यांत अडकून मरतात. त्यांना खात मात्र कुणी नाही. निव्वळ खोडसाळपणा.

आता एकच फूल घ्या (शेतमालक बघतोय का, ते आधी बघा) आणि खालची नळी नखानं उभी चिरा. पाकळ्या नळीच्या तळातून निघत नाहीत, आत एका छोट्या दांड्यावर बसलेल्या असतात. दांडा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास भरला, तर आपण शोधतोय त्या सिलीनी कलोराटाची आशा धरा. मिलिमीटरभरच निघाला, तर ती बहुधा सिलीनी गॅलिका. तीही तिथंच उगवते आणि तिलाही गुलाबी रंग शोभतो.

खरी साक्ष बियांची. कलोराटाचं बी कानाच्या आकाराचं, त्याला दोन नागमोडी झालरी आणि त्यांच्यामध्ये खोल खाच. बी एवढंसं, की भिंगाशिवाय वाळूचा कण वाटावा. फूल आहे तेव्हा बी कुठून आणायचं? शेंड्याचं सोडा, खाली चाचपा. वर फुलं असतानाच तिथं एखादं बोंड सहा दात काढून उघडलेलं असतं.

प्वारे नावाचे फ्रेंच पाद्री १७८५-८६ साली अल्जीरियात हिंडले आणि १७८९ मध्ये त्यांनी ‘कलोराटा’, म्हणजे रंगीत, हे नाव छापलं. हिची फुलं कधीकधी पांढरीही निघतात. तसं झालं तर पहिल्या परिच्छेदापासून पुन्हा सुरू करा. गुडघे ठीक आहेत ना?