अमर्याद उदारता

इथेरियम या ब्लॉकचेनवर एखाद्या ॲपला शंभर टोकन वापरू द्यायचे असतात, पण ते मंजुरी मागतं बहुतेकदा ‘अमर्याद’. ‘अमर्याद’ म्हणून लिहिला जाणारा आकडा भरतो 78 अंकी. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा माणूस इथे डोळे मिटून बटण दाबतो. डिसेंबर 2021मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो प्रकल्पाच्या संकेतस्थळात शिरलेल्या चोरांनी अशाच मंजुऱ्या गोळा करून सुमारे 12 कोटी डॉलर लांबवले. वॉलेट ‘डिस्कनेक्ट’ केलं की सुटलो, असं मानणारे सुखी जीव! मंजुरी ब्लॉकचेनवर तशीच राहते. ती रद्द करायला वेगळा व्यवहार आणि वेगळं शुल्क लागतं.

आता हा पसारा आवरायला एआय सहायक आले आहेत. कुणाला किती मंजुरी दिली, हे ते छान वाचून दाखवतात. उत्साही मंडळी मात्र त्यांनाच सहीचा अधिकार देऊन टाकतात. जुन्या मंजुऱ्यांची धास्ती, म्हणून नवी, सर्वांत मोठी मंजुरी! त्यात, वाचलेल्या मजकुरात दडवलेली सूचना मालकाचा हुकूम समजून पाळण्याची या सहायकांना खोड. तेव्हा मंजुऱ्यांची यादी सहायकाला करू द्या. मंजुरी कुणाला जाते तो पत्ता स्वतः पडताळा, सही स्वतः करा. आणि वॉलेटची किल्ली असलेल्या सीड फ्रेजचे 12 किंवा 24 शब्द जो मागेल, तो सहायक नव्हे, चोरच समजा.