न मागता मिळायचे शंभर रुपये

वॉलेटमधले पैसे बँक खात्यात पाठवले. वॉलेटमधून वजा झाले, खात्यात मात्र जमा झालेच नाहीत. वॉलेटवाल्यांना विचारा, बँकेत विचारा, उत्तर ठरलेलं: तीन ते पाच कामकाजाचे दिवस थांबा. आपण थांबतो. पाचव्या दिवशी पैसे परत आले की सुटकेचा श्वास टाकतो आणि विषय संपवतो. तो तिथे संपू नये. परत आलेल्या पैशांबरोबर आणखी काही रुपये यायला हवे होते, आणि ते आपल्या हक्काचे होते.

रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019चं परिपत्रक आहे. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरपासून ते लागू झालं. यूपीआय किंवा आयएमपीएसनं पाठवलेली रक्कम खात्यातून गेली आणि समोरच्याच्या खात्यात पोचली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत आली पाहिजे. उशीर झाला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. रक्कम 50 रुपये असो की 50 हजार, भरपाई तेवढीच. वॉलेटमधला पैसा ज्या यंत्रणेतून बँकेकडे जातो, तिचाच नियम त्यालाही लागतो. दुकानदाराकडे अडकलेल्या पैशांना आणि एटीएमनं न दिलेल्या नोटांना मुदत पाच दिवसांची आहे, भरपाईचा दर तोच.

त्या परिपत्रकात सर्वांत महत्त्वाचं हे आहे: भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता, आपणहून खात्यात जमा करायची आहे. शिवाय दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे. मग ‘कामकाजाचे दिवस’ आले कुठून? रविवारी पैसे कापून घेताना यंत्रणेला सुट्टी नसते.

सोमवारी अडकलेले पैसे शुक्रवारी आले, तर मंगळवारनंतरच्या तीन दिवसांचे 300 रुपये होतात. ज्याला त्याच पैशांतून बुधवारी पहाटे मार्केट यार्डात माल उचलायचा होता, त्याचं नुकसान यापेक्षा मोठं असतं. पण निदान 300 तरी त्याला मिळावेत. खात्यातली शिल्लक किमान मर्यादेखाली गेली की दंड बरोबर मोजला जातो, त्यावरचा जीएसटीसुद्धा चुकत नाही. तेच संगणक बँकेनं ग्राहकाला द्यायचे शंभर रुपये मोजू शकत नाहीत, हे मला मान्य नाही.

एक मात्र खरं. आपणच चुकीचा नंबर टाकून भलत्याला पैसे पाठवले असतील, तर ही भरपाई नाही. चूक यंत्रणेची असेल तरच आहे.

म्हणून व्यवहार अडकला की त्याचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. लेखी तक्रारीत नुसतं ‘पैसे परत करा’ लिहू नका. परिपत्रकाची तारीख घाला, उशिराचे दिवस मोजा आणि भरपाईची रक्कम आकड्यात लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

पण जो हक्क आपणहून मिळायचा, त्यासाठी भाजीवाल्या मावशींनी परिपत्रकाची तारीख पाठ करावी, हेच मुळात चूक आहे. किती व्यवहार मुदतीनंतर परत केले आणि त्यापोटी किती भरपाई न मागता जमा केली, हे दोन आकडे प्रत्येक बँकेला आणि वॉलेट कंपनीला दर तिमाहीला जाहीर करायला लावा. रिझर्व्ह बँकेनं हे करावं, आणि याच वर्षी करावं.