आधी आरोळी, मग गोल

१८ डिसेंबर २०२२, रविवार. कतारच्या लुसैल स्टेडियमवर अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, विश्वचषकाची फायनल, आपल्याकडे रात्री साडेआठला. अमरावतीच्या राजापेठेत आमच्या घरी ती दोनदा झाली. आधी कानांनी, मग डोळ्यांनी.

समोरच्या बिल्डिंगीत डिश होती. आमच्याकडे पुतण्याने मोबाइलचं नेट टीव्हीला जोडलेलं. नेटवरचं चित्र तुकड्या-तुकड्यांनी साठत येतं, म्हणून ते अर्धं मिनिट मागे. आमचा मेस्सी पेनल्टीसाठी चेंडू ठेवतोच आहे, तोवर समोरचे पोट्टे "गोऽऽल" करून मोकळे. ३६व्या मिनिटाला डी मारियाचा गोल काय देखणा! चेंडू पायांपायांतून सरसर पुढे गेला. पण तो जाळ्यात जाणार हे आम्हाला आधीच कळलेलं, त्यामुळे आम्ही तो निवांत, तुरीच्या शेंगा सोलत पाहिला. आईने पातेलंभर उकडल्या होत्या, मीठ घालून.

कोणताही खेळ लागला की आमचे आबाजी आधी सांगतात, की आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन कबड्डी दाखवून आले. मग विचारतात, "ओवर किती रायल्या?" इथे ओवर नसतात, घड्याळ पुढेच जातं, नव्वद मिनिटं झाली तरी थांबत नाही आणि वर किती वेळ द्यायचा ते पंच ठरवतो, हे पुतण्याने समजावून सांगितलं.

"म्हंजे सरकारी कामावानी हाय म्हन ना. सायब म्हनन तवा सरन."

फुटबॉलच्या नियमपुस्तकात इतकं स्वच्छ लिहिलेलं नसावं.

दोन-शून्य. शेंगा संपत आल्या, आई अंथरुणं घालायला उठली. ८०व्या मिनिटाला समोरून एकट्याचीच आरोळी आली. फ्रान्सवाला तिथे एकच होता. पुण्याला शिकायला गेला आणि वेगळं मत घेऊन परत आला. यथावकाश आमच्याही पडद्यावर एमबापेने पेनल्टी मारली. आम्ही सावरतो न सावरतो तोच पुन्हा तीच आरोळी.

"रिप्ले पाहून रायला असन," पुतण्या म्हणाला.

रिप्ले नव्हता. ९७ सेकंदांत दुसरा गोल होता. आईने अंथरुणं पुन्हा गुंडाळली.

जादा वेळेत मेस्सीने एक मारला, एमबापेनेही एक. पुरुषांच्या फायनलमध्ये १९६६च्या जेफ हर्स्टनंतरची ही दुसरीच हॅटट्रिक, आणि तीन-तीन बरोबरी. आता पेनल्ट्या. त्या तरी निकाल न कळता पाहाव्या म्हणून खिडक्या लावल्या, टीव्हीचा आवाज वाढवला. उपयोग शून्य. शेवटी पुतण्याने समोर फोन लावला, "दहा मिनिटं ओरडू नका ना बे."

उत्तर आलं, "तुमीच या ना इकडे."

निघालो. आबाजींनी मफलर गुंडाळला, आईने उरलेल्या शेंगांचं पातेलं घेतलं. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? पण शूटआउट काही आबाजींच्या गुडघ्यांसाठी थांबत नाही. कोमानची पेनल्टी अडवली ती आम्हाला पहिल्या मजल्यावर कळली, चुआमेनीने बाहेर मारली ती दुसऱ्या मजल्यावर. दारात पोचलो तेव्हा माँटिएल धावत येत होता. त्याने चेंडू जाळ्यात घातला आणि खोलीत जो गदारोळ उठला, त्यात कोणाचा तरी पाय पातेल्यात गेला.

आबाजी मात्र टीव्हीकडे टक लावून उभे.

"आता मारन ना गोल?"

"झाला ना आबाजी!"

"आरोळी तं आत्ताच झाली बे!"

मग बक्षीस समारंभ. कतारच्या अमीरांनी मेस्सीच्या खांद्यांवर काळा झिरझिरीत बिश्त, म्हणजे मानाचा अरबी झगा, चढवला. त्यावरून पुढे जगभर वाद झाले: देशाची जर्सी झाकली, की पाहुण्याचा मान राखला? राजापेठेत आयुष्यभर सत्कार पाहिलेल्या आमच्या आईला यात वाद घालण्यासारखं काही दिसलं नाही. फक्त कार्यक्रमातली एक उणीव तिच्या नजरेतून सुटली नाही.

"शाल तं देल्ली बाप्पा. नारळ कुठी हाय?"